छत्तीस गुणांची बियर

बियरला पण पत्रिका असते, हे मला तावडेकाकांनी सांगितलं. मी म्हटलं, असेल बुवा. पृथ्वी गोल आहे असं शाळेत सांगितलं तेव्हापण मी असेल बुवाच म्हटलेलं. आपण भांडत नाय. नववीत मला इतकी वर्षं बसवलं की बाकाला माझ्या बुडाचा आकार आला. शेवटी हेडमास्तरांनीच हात जोडले. म्हणाले, "गजानन, तू जा. बाक आम्ही आठवण म्हणून ठेवतो."

तर मी गजा. लोअर परळला एका बंद मिलच्या आवारात बियरचं मोठं हाटेल झालंय, तिथं ग्लास धुतो. बियर पण तिथंच बनते. काचेच्या भिंतीमागे स्टीलच्या एवढाल्या टाक्या आहेत, गिऱ्हाईक त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढतं. माझे आजोबा त्याच मिलमध्ये साच्यावर, म्हंजे मागावर, होते. मिल बंद पडल्यावर बाप तिच्याच गेटावर वॉचमन. आणि मी परत आत, खरकट्या ग्लासांवर. आमच्या घराण्याची प्रगती झाली नाय असं कोणी म्हणू नये. आमची ये-जा चालू आहे.

तावडेकाका आमचे लालबागच्या चाळीतले शेजारी. गॅलरी एकच, दारं इतकी जवळ की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आई आमचा गॅस बंद करायची. नाव सदानंद. धंदा लग्नं जुळवायचा. लालबाग, परळ, काळाचौकी, कुठल्याही बिल्डिंगीखाली उभं राहून काका वर बोट दाखवायचे, "तिसऱ्या माळ्यावरची ती दोघं माझी. ती बाजूची भांडतायत ना, ती माझी नाहीत."

माणूस किडकिडीत, पण स्थळ घेऊन निघाला की कोट घालायचा. मे महिन्यात पण. कोटाच्या एका खिशात मुलांचे फोटो, दुसऱ्यात मुलींचे. एका खिशात एकत्र ठेवत नसत. म्हणायचे, "लग्नाआधी नको."

जोडी सोडून त्यांना दुसरं काही दिसायचंच नाही. बाजारात गेले की कोलंबीकडे बघायचे, मग वांग्याकडे, मग मान हलवायचे, "पटेल, पण सासरी त्रास होईल." त्यांच्या घरात एकटी बशी ठेवायची परवानगी नव्हती. कप फुटला की त्याच दिवशी बशीसाठी दुसरा कप यायचा. एकदा मी एक निळी आणि एक पांढरी स्लीपर घालून पाण्याला चाललेलो. काका थांबले, खाली बघितलं, हळू आवाजात म्हणाले, "पळून जाऊन केलंय वाटतं?"

अशा माणसाचा स्वतःचा संसार कसा? तर काकू त्यांच्याशी बोलत नसत. तावडेकाकूंच्या सख्ख्या बहिणीचं लग्न काकांनी जुळवलेलं, मुलगा कॉटन ग्रीनचा, गोदामात कामाला, सोन्यासारखा. लग्नानंतर कळलं की तो घोरतो. घोरतो म्हंजे असा की गोदामातले हमाल ट्रक आला म्हणून उठून बसायचे. बहीण रडत आली, आणि त्या दिवसापासून काकूंनी काकांशी सरळ बोलणं टाकलं. सगळं मधल्या माणसामार्फत. मधला माणूस बहुतेक मीच असायचो. काकू मालवणच्या, त्या म्हणायच्या, "गजा, तेंका सांग, जेवण वाढलंसा." काका हातभर अंतरावर बसलेले असायचे, ऐकलेलं असायचं, तरी माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "काका, जेवण वाढलंय." मग ते म्हणायचे, "सांग त्यांना, आलो." आणि गंमत बघा, दोघांच्या पत्रिकेत छत्तीसच्या छत्तीस गुण जुळलेले. काका स्वतः सांगायचे. आई आतून बोलायची, "छत्तीस गुण जुळले, म्हणून तर छत्तीसचा आकडा!"

हे छत्तीसचं लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे. मला गणितातलं एवढंच येतं.

पुढं लोकं मोबाईलवर बोट सरकवून बायको शोधायला लागली आणि काकांचा धंदा बसला. 'सदानंद वधूवर सूचक केंद्र' हा बोर्ड पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून गेला. त्यात आमची चाळ पाडून टॉवर व्हायचं ठरलं. सगळ्यांनी काही वर्षं वडाळ्याला संक्रमण शिबिरात जायचं, मग परत यायचं, असं बिल्डर म्हणाला. काकांनी गॅलरीत उभं राहून अख्ख्या चाळीवर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"गज्या, या चाळीत लग्नाचं एवढं एकच डबडं शिल्लक आहे. चाळ पडायच्या आत तुला उजवला नाही, तर कोट पाण्यात सोडीन."

मी म्हटलं, "काका, माझ्यापायी चांगला कोट कशाला?"

पण काकांनी मनावर घेतलं. आयुष्यभर लग्नं लावली आणि शेजारचा गजा तसाच राहिला, हे त्यांना फार लागलेलं. डॉक्टरच्या शेजाऱ्याला खोकला असल्यासारखं.

आता बियरचं. आमच्या हाटेलात दर सोमवारी नळ धुतात. बियरचे पिंप तळाला आले की तळातली थोडी थोडी उरते, ती ओतून द्यायची. ती बनवणारे निनादसर, पुण्याचे, परदेशात बियर शिकून आलेले. माझ्यासारख्याला बाकावर जे जमलं नाही ते त्यांना बारमध्ये जमलं. ते म्हणाले, "गजानन, ओतून देण्यापेक्षा तू घेऊन जा." मी पाण्याच्या बाटल्यांत भरून आणली. आईनं दारातच अडवलं, "घरात देव आहेत." म्हणून बाटल्या काकांच्या गॅलरीत ठेवल्या. एक काळी, एक पिवळी, एक ढगाळ, एक तांबूस, एक गुलाबी.

काका दुपारचे उठून चहाला बाहेर आले. बाटल्यांकडे बघत राहिले.

"हे असे भिंतीला टेकून लांब लांब का बसलेत? वधूवर मेळाव्यासारखे?"

"बियर आहे काका. वेगवेगळी."

"वेगवेगळी दिसतेच आहे. ओळख करून दे."

मी आपली मला माहीत होती तेवढी ओळख करून दिली. काकांनी एकेकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तिथल्या तिथं स्थळं नोंदवली. गव्हाची बियर म्हंजे घरातली पोळ्या लाटणारी मुलगी. स्टाउट काळासावळा, कमी बोलणारा, सरकारी नोकरी असावी. पिल्सनर? "नावातच नर आहे, पुढे बोल." सावर ही आंबट, तोंड वाकडं करणारी, "नणंद म्हणून ठीक." आणि आयपीए ऐकून तर काका गंभीर झाले.

"आईचा पीए?"

"आयपीए, काका."

एक थेंब जिभेवर लावला, चेहरा कारल्यासारखा झाला. "आईचाच पीए. आईच्या शब्दाबाहेर नाही. कडू. याला मुलगी देणं म्हंजे पाप."

मग त्यांनी गव्हाची आणि स्टाउट एका ग्लासात अर्धी अर्धी ओतली. ओतायच्या आधी कोट घालून आले. खरं सांगतो. कोट घालून आले. वर तांदळाचे दाणे टाकणार होते, मी हात धरला.

"आता नाव घे," मला म्हणाले.

"कोणाचं?"

"उखाणा! त्याशिवाय घोट घ्यायचा नाही. लग्नघर आहे हे!"

मला कविता म्हटलं की शाळेतला बाक आठवतो, तरी बोललो:

"चाळीच्या नळाला पाणी येतं थोडं,
गव्हाच्या पोरीशी जमलं काळं घोडं."

प्यायलो. आणि काय सांगू, बरं लागलं की! मऊ, थोडं कडू, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखं. मी म्हटलं, "काका, जमलं." तेवढ्या शब्दावर काकांचा चेहरा असा फुलला की पिंपावरचा बोर्ड उचलून त्यांनी फडक्यानं पुसला. मग परत पिंपावर ठेवला, पाण्यात धूळ पडेल म्हणून.

काका स्वतः मात्र एका थेंबाच्या पुढं जात नसत. "लग्न जुळवणाऱ्यानं लाडू खावा, संसारात पडू नये." संसारात पडायला मी होतोच.

दर सोमवारचा कार्यक्रम झाला. सगळीच लग्नं टिकली असं नाही. एकदा मीच शहाणपणा केला, म्हटलं काका, आईच्या पीएला ती आंबट नणंद द्या, काट्यानं काटा निघेल. काका नको म्हणत होते. मी काचेच्या बाटलीत दोन्ही भरल्या, बूच लावलं, आणि नीट मिसळावं म्हणून बाटली हलवली. सरबत हलवतात तशी. ग्लास धुता धुता एवढी वर्षं बियर बघतोय, पण बियर हलवायची नसते हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. बूच जे उडालं ते समोरच्या बिल्डिंगीच्या खिडकीत गेलं आणि फेस सगळा गॅलरीत वाळत घातलेल्या काकूंच्या पापडांवर. बाटली माझ्या हातातून सुटून फुटली.

काकू बाहेर आल्या. पापडांकडे बघितलं, काकांकडे बघितलं, मग मी समोरच असूनसुद्धा मलाच म्हणाल्या, "गजा, तेंका सांग, तेंच्या त्या मुताचो फेस माझ्या पापडांर इलो."

मी मान खाली घालून सांगितलं, "काका, मुताचा फेस पापडांवर आला."

काका म्हणाले, "सांग त्यांना, घटस्फोट झालाय. घरात दुःख आहे."

ते बूच ज्या खिडकीत गेलं ती प्रज्ञाची. प्रज्ञा परळच्या हॉस्पिटलात नर्स. बूच परत द्यायला ती स्वतः खाली उतरून आमच्या गॅलरीत आली. तोपर्यंत मी फुटलेली काच हातानं गोळा करायला घेतलेली, आणि अर्थातच बोट कापलेलं. धंद्यानं काच धुणारा माणूस मी. तिनं तिथंच पट्टी बांधली. मी एवढा बोंबललो की तिला हसू आवरेना. मला वाटलं संपलं, पण ती पुढच्या सोमवारी पट्टी बदलायला आली. त्याच्या पुढच्या सोमवारी बोट बरं झालेलं, तरी आली. तिला माझ्यात काय दिसलं ते मला माहीत नाही. मी एकदा म्हटलं, हॉस्पिटलात डोळ्यांचा डॉक्टर असेल ना, दाखवून घे. ती म्हणाली, "दाखवले. नंबर नाही." लग्नाचं पण तिनंच विचारलं. मी विचारायची वाट बघितली असती तर दोघांची पेन्शन चालू झाली असती.

मी काकांना सांगितलं. काका उठून कोट घालून आले.

पण आधी त्यांना हाटेलात यायचं होतं. म्हणाले, "मुलाची नोकरी कुठं आहे ते मध्यस्थानं डोळ्यांनी बघायला पाहिजे. उद्या मुलीच्या बापानं विचारलं तर काय सांगू, ग्लास?"

आले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. फळ्यावर सगळ्या बियरींची नावं लिहिलेली असतात, प्रत्येकीपुढं दोन आकडे. मी इतकी वर्षं समजत होतो की टेबल नंबर असतील. काका कोटाचं बटण लावून फळ्यासमोर उभे राहिले.

"हा पहिला आकडा वय असणार. आणि हा दुसरा गुण!"

निनादसर तिथंच होते. माणूस सज्जन. म्हणाले, "नाही काका, पहिला अल्कोहोलचा. आणि दुसरा म्हणजे बियर किती कडू आहे त्याचं माप."

"मग तेच की," काका म्हणाले. "लग्नात पण तेच मोजतात."

काका बोटांवर बेरजा करायला लागले. आईच्या पीएपुढं साठ. "हा एकटाच छत्तीसच्या वर! ब्रह्मचारी राहू दे." नणंदेपुढं सहा. "सहा आणि साठ सहासष्ट. गज्या, बाटली फुटणारच होती, तुझी चूक नाही." आणि मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. स्टाउटपुढं तीस होतं.

"तीस आणि सहा."

"काका," मी म्हटलं, "काळ्यात आंबट?"

"छत्तीस! गज्या, सबंध आयुष्यात मी छत्तीस एकदाच बघितलेत, माझ्या स्वतःच्या पत्रिकेत!"

मी मनात म्हटलं, आणि त्याचं काय झालं ते रोज मीच निरोप पोचवतोय.

तिथंच काउंटरवर त्यांनी दोन्ही एकत्र ओतल्या. सरांनी घोट घेतला, थोडा वेळ भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." शिकलेली माणसं वाईटाला इंटरेस्टिंग म्हणतात, पण काकांना ते माहीत नव्हतं. मग माझ्याकडे ग्लास आला. खरकट्या कढीत कोळसा विझवल्यासारखं लागलं. घशाखाली उतरताना ते मधेच थांबून विचार करत होतं, जावं की परत फिरावं. पण काका माझ्या तोंडाकडे बघत होते, पहिल्यांदा बाप होणाऱ्यासारखे. मी म्हटलं, "एक नंबर, काका."

काकांनी ती बाटलीत भरून घेतली. नाव ठेवलं 'छत्तीस'.

आमच्या घरात बोलणी आधी झाली. आई भिंतीला टेकून बसलेली. तिनं तो प्रश्न विचारलाच, जो काकांनी उभ्या आयुष्यात प्रत्येक घरात ऐकलेला. "मुलगी चांगली आहे हो भावजी, पण आपल्यातली नाही ना?"

एरवी या प्रश्नावर काका दुसऱ्या खिशातून दुसरा फोटो काढायचे. धंदाच तो. त्या दिवशी त्यांनी खिशात हात घातलाच नाही. म्हणाले, "वहिनी, गज्याच्या हाटेलात गहू कुठला तर जर्मनीचा, काळा कुठला तर आयर्लंडचा. पण पाणी कुठलं माहितीये? भातसा धरणाचं. आपल्या नळाला येतं तेच. प्रज्ञाच्या नळाला येतं तेच. मग आपल्यातलं नाही कसं?"

आईनं पदर सावरला. मग म्हणाली, "आणि गुण?"

"छत्तीस," काका म्हणाले. न अडखळता.

"छत्तीस? आमचे बत्तीस होते, तरी हा निघाला," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. पण तिनं चहा टाकला, म्हंजे झालं.

आता प्रज्ञाच्या घरी. रविवारी सकाळी निघालो. काकांच्या हातात नारळ, खण, आणि खणात गुंडाळलेली बाटली. मी विचारलं, "काका, हे कशाला?" तर म्हणाले, "पत्रिका ते मानत नाहीत, मला माहितीये. मग गुण जुळले हे दाखवायचं कशानं?"

प्रज्ञाचे वडील, गायकवाड अण्णा, बसचे रिटायर कंडक्टर. चाळीत प्रसिद्ध होतं की त्यांच्या दारात कोणी उभं राहिलं की ते आतून ओरडतात, "पुढे सरका, आत जागा आहे!" सवय. मी दारात उभा राहिलो. अण्णांनी काकांना खुर्ची दिली. मला काहीच बोलले नाहीत. मी उंबऱ्यावरच उभा, स्टॉप नसलेल्या ठिकाणी हात दाखवल्यासारखा.

भिंतीवर बुद्धाची तसबीर, ताजा हार. काकांनी तसबिरीला नमस्कार केला, नारळ दिला, आणि खण सोडून बाटली टीपॉयवर ठेवली.

"काय आहे?" अण्णा.

"सोयरीक," काका म्हणाले. "गज्या आणि प्रज्ञा. मी स्वतः मिसळली. बियर आहे, उंची."

अण्णांनी बाटली बोटानं इंचभर लांब सारली.

"तावडे, पंचशील ऐकलंय?"

"ऐकून आहे."

"त्यातलं पाचवं काय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. आतून प्रज्ञाचा आवाज आला, हसू दाबलेला, "मद्य नाही, काका."

मला वाटलं, आता जमीन फाटावी. पहिल्या माळ्यावर होतो, फाटली असती तर खालच्यांच्या जेवणात पडलो असतो. पण काका मुरलेला मध्यस्थ. एवढी लग्नं काय अशीच लागली? त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बाकीच्या चारात कुठं बसतं का बघा ना."

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "बाटली राहू दे. मुलगा बियरच्या दुकानात आहे, माझा प्रश्न तो आहे. जात-पत्रिका आम्ही बघत नाही. एवढंच बघतो."

"दुकानात आहे, पण पीत नाही, पाजत नाही," काका म्हणाले. "धुतो!"

अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं. "पितोस?"

मी तोंड उघडलं. काका डोळ्यांनी नाही नाही करत होते. पण मला खोटं लगेच सुचत नाय, तेवढी बुद्धी असती तर दहावीत गेलो असतो. "चाखतो," मी म्हटलं.

काकांनी कपाळाला हात लावला.

"हे चाखलंस?" अण्णांनी बाटलीकडे बोट केलं.

"हो."

"कसं आहे?"

इथं गोची होती. काका माझ्याकडे बघत होते, तस्सेच, पहिल्यांदा बाप होणाऱ्यासारखे. त्यांचं आयुष्यातलं दुसरं छत्तीस होतं ते. एक नंबर म्हणायला काय जात होतं? पण समोर कंडक्टर. बिनतिकीट माणूस डोळ्यांवरून ओळखणारा.

"वाईट आहे अण्णा. लय वाईट. खरकट्या कढीत कोळसा विझवल्यासारखं. काकांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाय."

काकांचा चेहरा उतरला. अण्णा काकांकडे वळले.

"तावडे, तुम्ही म्हणालात ना, चारात कुठं बसतं का बघा. चौथ्यात बसला."

काकांना कळेना. आतून प्रज्ञा म्हणाली, "खोटं बोलायचं नाही, ते चौथं."

अण्णा मला म्हणाले, "ग्लास धू. चाखणं आजपासून बंद. आणि दारात काय उभा राहिलायस? पुढे सरक. आत जागा आहे."

मी पुढं सरकलो, आणि टीपॉयला पाय लागून बाटली सांडली. फरशी मीच पुसली. धुण्यात माझा हात चांगला आहे हे सासऱ्यांनी तिथंच बघून घेतलं.

लग्न जुळलं, पण काका माझ्याशी बोलेनात. परतताना जिन्यावरून पुढं निघून गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन, मी समोर बसलेला असताना, आईला म्हणाले, "वहिनी, गज्याला सांगा, हॉल बघायला जायचंय." माझ्याशी छत्तीसचा आकडा! आईनं मला सांगितलं, मी आईला सांगितलं, आईनं त्यांना सांगितलं. आठवडाभर आमचं असं चाललेलं. तेव्हा मला कळलं, मधला माणूस असणं किती सुखाचं असतं.

सोमवारी मी बाटल्या आणून ठेवल्या, पण चाखायची बंदी. काका कोट घालून बसले, ओतलं, आणि ग्लास हातात धरून इकडं तिकडं बघायला लागले. चाखणार कोण? दारात काकू तांदूळ निवडत बसलेल्या. त्या उठल्या, काकांच्या हातातून ग्लास घेतला, पदरानं काठ पुसला, आणि एक घोट घेतला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता येणार, गजा, तेंका सांग. मी सांगायला तयार झालो. पण तोंडातलं एवढं भयंकर असावं की निरोपाला वेळच नव्हता.

"अवो," काकू काकांकडे बघून सरळ म्हणाल्या, "ह्येच्यान ओकारी येता!"

काका तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"काय म्हणालीस?"

"ओकारी, ओकारी! थोडा गव्हाचा घाला."

काकांनी थोडं गव्हाचं घातलं. काकूंनी परत घोट घेतला. "आता बरां. पण कडू कमी करा."

तेव्हापासून सोमवारी माझं काम फक्त बाटल्या आणून ठेवायचं. त्या दोघांचं ओतणं आणि भांडणं चालायचं, सरळ, मधे कोणी नाही. चाळीत आवाज जायचा. काका माझ्याशी परत बोलायला लागले, आणि दोन दिवसांत त्यांनी चाळभर सांगितलंही, "अहो, छत्तीस मी मुद्दाम वाईट केलेली. मुलगा खरं बोलतो का बघायचं होतं. मध्यस्थाला वाईट बियर पण करता आली पाहिजे."

लग्न साधं झालं. त्रिसरण झालं, पंचशील झालं, पाचव्याला अण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. काका पहिल्या रांगेत कोटात. जेवणाच्या पंगतीत बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला, प्रज्ञानं घेतलं, मग कोणीतरी काकूंना धरलं. काकूंनी एवढ्या वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. काका पानावर वाकून जिलेबीचे तुकडे करत बसले, जणू त्यांचा काही संबंध नाही. काकू उभ्या राहिल्या:

"आंबट, कडू, काळं, गोरं ओतलं एका पेल्यात,
सदानंदरावांसारखा नग नाही जित्यात न् मेल्यात."

काकांनी जिलेबी खाल्लीच नाही. रुमालात बांधून घरी नेली.

चाळ रिकामी झाली तेव्हा सगळ्यात शेवटी निघाले ते दोघं. टेम्पोत फ्रीज, पलंग, कपबश्यांची पेटी, आणि पाण्याचं पिंप, झाकणासकट. आमच्या घरानं वडाळ्याऐवजी परळला भाड्याची खोली घेतलेली, त्यामुळे मी आणि प्रज्ञा निरोप द्यायला खाली उभे. ड्रायव्हरशेजारी जागा होती, पण काका म्हणाले सामानाबरोबर मागेच बसतो, आणि काकू म्हणाल्या, तेंच्या हातून कप फुटतले, मी पण मागेच. खाली एक गुंडाळलेली गादी. काका तोंड लालबागकडे करून बसले. जाईपर्यंत त्यांना खिडक्या मोजायच्या होत्या, कुठली लग्नं त्यांची, कुठली नाहीत. काकू तोंड वडाळ्याकडे करून बसल्या. त्यांना पुढं घर लावायचं होतं.

पाठीला पाठ. प्रज्ञानं मला ढोसलं, "बघ, छत्तीस." खरंच. तीन आणि सहा, लिहिल्यासारखे. मला हसायला आलं.

काका मागून ओरडले, "गज्या, सोमवारी वडाळ्याला ये! बाटल्या हलवू नको!"

काकू वळल्या नाहीत, पण त्यांचा आवाज आला, "गव्हाची जास्त आण!"

टेम्पो निघाला आणि नाक्यावरच्या खड्ड्यात असा आदळला की फ्रीज हलला, पेटीतल्या कपबश्या वाजल्या, पिंपावरचा बोर्ड उडून खाली पडला. मी पळत सुटलो, म्हटलं म्हातारी माणसं, पडली बहुतेक.

कोणी पडलं नव्हतं. पाठीला पाठ होती ना.

बोर्ड माझ्याकडे राहिला. आमच्या पिंपाला तो बरोबर बसतो.